हबलला किती मार्क?

अमेरिकेतल्या कॉलेजात खगोलशास्त्राची पहिली लॅब घेणाऱ्या बहुतेक मुलांना सत्र संपता संपता एक प्रयोग भेटतो. काही दीर्घिकांची अंतरं काढायची, त्या आपल्यापासून किती वेगाने लांब चालल्या आहेत ते काढायचं, आलेखावर ठिपके मांडायचे आणि त्यांच्यामधून पट्टीने एक रेघ ओढायची. रेघेचा चढ म्हणजे हबलचा स्थिरांक. कागदाच्या तळाशी तीन घरांची चौकट असायची: मान्य किंमत, तुमची किंमत, टक्क्यांतली चूक. मी टीए होतो, म्हणजे पीएच.डी. करता करता पोटापाण्यासाठी लॅब घेणारा आणि वह्या तपासणारा. ही चौकट मी शेकड्यांनी तपासली आहे. चूक दहा टक्क्यांच्या आत असली की पूर्ण मार्क, पंचविसाच्या आत असली की निम्मे, त्यापुढे भोपळा.

आता खुद्द एडविन हबलची वही तपासायला घ्या. १९२९ साली त्याने २४ दीर्घिका घेऊन हाच आलेख काढला. उत्तर आलं ४६५, अधिक-उणे ५०. त्याच दीर्घिकांचे नऊ गट पाडून पुन्हा काढलं, तर ५१३, अधिक-उणे ६०. आकडे सेकंदाला किलोमीटर, दर मेगापार्सेक अंतरामागे. आज आपण ही किंमत सत्तरच्या आसपास धरतो. म्हणजे हबलची चूक साडेपाचशे टक्क्यांच्या वर. ज्याच्या नावाचा स्थिरांक, तोच त्याच्याच प्रयोगात नापास.

यावर कुणी म्हणेल, तो १९२९चा जमाना होता, आता खरी किंमत ठाऊक आहे. पण ठाऊक कुणाला? १९७०-८०च्या दशकांत ॲलन सँडेज आणि गुस्ताव टामान पन्नासच्या आसपासची किंमत सांगत होते आणि जेरार द व्होकुलर शंभरच्या. दोन्ही पक्ष आपापल्या जागी ठाम. तेव्हा एखाद्या मुलाचं उत्तर ७५ आलं असतं, तर पन्नासवाल्या प्राध्यापकाच्या वर्गात त्याची चूक पन्नास टक्के ठरली असती आणि शंभरवाल्याच्या वर्गात पंचवीस. वही तीच, मार्क वेगळे. आजही विश्वाच्या आदिम प्रारणावरून काढलेली किंमत ६७च्या जवळ येते आणि अंतरं मोजायला वापरतात त्या सेफाईड ताऱ्यांच्या शिडीवरून काढलेली ७३च्या. हा तिढा अजून सुटलेला नाही. तरी लॅबच्या कागदावर ‘मान्य किंमत’ असं छापलेलं असतं आणि शेजारी एकच आकडा.

या लॅबकडून अपेक्षा काय, तिथे मार्क कशाला आणि त्यातून मुलं शिकतात काय, या तीन प्रश्नांवर अमेरिकेत गेली तीसेक वर्षं बरंच काम झालं आहे. बाहेरून आलेल्या टीएंच्या ते सहसा कानावर येत नाही. त्यांना पहिल्या आठवड्यात रुब्रिकचा, म्हणजे कशाला किती मार्क हे ठरवून दिलेला, कागद आणि लाल पेन मिळतं.

आधी ही मुलं कोण ते सांगतो. अमेरिकेत इतिहास, नर्सिंग, संगीत, व्यवस्थापन, काहीही शिकत असलात तरी पदवीसाठी विज्ञानाचा एखादा विषय घ्यावा लागतो, आणि पुष्कळ ठिकाणी तो लॅबसह. रसायनशास्त्राला मुलं घाबरतात, भौतिकशास्त्राला त्याहून. खगोलशास्त्रात छान चित्रं असतात आणि गणित कमी असतं अशी समजूत आहे. या शतकाच्या सुरुवातीला अँड्र्यू फ्रॅक्नॉय यांनी केलेल्या अंदाजानुसार वर्षाला अडीच लाखांच्या आसपास विद्यार्थी हा प्राथमिक अभ्यासक्रम घेत. त्यांतल्या बहुतेकांच्या आयुष्यातला हा विज्ञानाचा शेवटचा वर्ग, आणि त्यांतलेच कितीतरी पुढे शाळेत शिक्षक होतात. एकोणिसाव्या शतकात अमेरिकन शाळांमधून खगोलशास्त्र सर्रास शिकवत असत. १८९३ साली हार्वर्डचे अध्यक्ष चार्ल्स एलियट यांच्या ‘कमिटी ऑफ टेन’ने शालेय अभ्यासक्रमाची जी आखणी केली, तीत ते ऐच्छिक होऊन कोपऱ्यात गेलं. त्यामुळे कॉलेजात येईपर्यंत मुलाने आकाशाचा अभ्यास म्हणून फारसं काही केलेलं नसतं.

सत्राच्या पहिल्या दिवशी हातात पडणारा अपेक्षांचा कागद सगळीकडे थोड्याफार फरकाने सारखाच. हजेरी सक्तीची. चुकलेली लॅब भरून मिळणार नाही, मात्र सर्वांत कमी मार्कांची एक लॅब हिशेबातून वगळली जाईल. उशिरा दिलेल्या वहीचे दिवसाला अमुक टक्के कापले जातील. एकक लिहिलं नाही तर मार्क जातील. गट करून काम करा, पण उत्तरं स्वतःच्या शब्दांत लिहा. आणि एक वाक्य खास या विषयाचं: निरीक्षणाची रात्र ढगाळ असल्यास पर्यायी रात्र कळवण्यात येईल. रसायनाच्या लॅबला असली अट लागत नाही. वसंत सत्राच्या शेवटी दिवस मोठा होतो, वर घड्याळ तासभर पुढे केलेलं असतं, नीट अंधार पडायला नऊ वाजतात, आणि बर्गरच्या दुकानात रात्रपाळी करणारी मुलगी विचारते, मी यायचं कधी? कागदावर उत्तर नसतं. टीए आपल्या अधिकारात काहीतरी जमवतो आणि पुढच्या आठवड्यात दुसऱ्या टीएने जमवलं नाही म्हणून तक्रार येते.

हे सगळे नियम वागण्याचे. विज्ञानाबद्दलची अपेक्षा त्यात एकच, एककाची. गुणांचा हिशेब मांडला तर निम्मे मार्क येण्याला, वेळेत देण्याला आणि रकाने भरण्याला असतात. उरलेले बरोबर उत्तराला.

बरोबर उत्तराला मार्क ठेवले की काय होतं, हे महाराष्ट्रात बारावीचं प्रॅक्टिकल दिलेल्या कुणालाही सांगायला नको. साध्या दोलकावरून गुरुत्वीय त्वरण काढायचं. उत्तर ९८० यायला हवं हे दोलकाला हात लावण्याआधीच ठाऊक. वीस आंदोलनांचा वेळ घ्यायचा, ९४१ आलं की शेजारच्या मित्राकडे बघायचं, आणि मग उत्तरावरून उलटा हिशेब करत दुसऱ्या रकान्यात ‘रीडिंग’ भरायची. याला आम्ही रीडिंग जुळवणं म्हणायचो आणि त्यात काही गैर आहे असं आमच्या मनातही यायचं नाही. जर्नल सर्टिफाय व्हायचं, एक्स्टर्नल व्हायव्हात विचारायचे की दोलकाचा गोळा जड का घेतात, आणि प्रॅक्टिकलचे मार्क जवळजवळ पैकीच्या पैकी पडायचे. ही विद्या घेऊन मी समुद्र ओलांडला आणि दुसऱ्यांच्या वह्या तपासायला बसलो. जुळवलेली रीडिंग ओळखण्यात माझा हात कुणी धरला नसता.

चंद्राची डायरी हा तिथला जुना गृहपाठ. महिनाभर जमेल त्या दिवशी चंद्र बघायचा. तारीख, वेळ, दिशा, क्षितिजापासूनची उंची आणि आकार लिहायचा. उंची मोजायला मूठ: हात ताठ धरला की मिटलेली मूठ साधारण दहा अंशांची. उपकरण फुकट, तरीही अंगावर येणारा प्रयोग, कारण तो आठवड्यातले दोन तास सोडून रोज डोक्यात ठेवावा लागतो. बरीच मुलं शेवटच्या रात्री बसून महिन्याची डायरी एका पेनाने लिहून काढतात. ती पकडायला फारशी हुशारी लागत नाही. संध्याकाळी सात वाजता पूर्वेला बारीक कोर. संध्याकाळी सहाला पूर्ण चंद्र डोक्यावर. कोरीच्या दोन टोकांच्या मध्ये, काळ्या भागावर, एक चांदणी. एकाने तर गावात सलग तीन रात्री बर्फ पडत असताना चंद्राची उंची अर्ध्या मुठीपर्यंत अचूक मोजली होती.

असली डायरी तपासताना मला आजी आठवायची. संकष्टीला ती गॅलरीत चंद्राची वाट बघायची. वद्य चतुर्थीचा चंद्र रात्री नऊच्या आगेमागे उगवतो, कोजागरीचा मध्यरात्री डोक्याजवळ असतो, द्वितीयेची कोर दिवेलागणीला पश्चिमेला दिसून लगेच मावळते, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. चंद्र रोज सरासरी पन्नासेक मिनिटं उशिरा उगवतो, हे तिच्या उपासाच्या पोटाला कळत होतं. तिला डायरी लिहायला लावली असती तर उंची किती मुठी या रकान्यात ती नापास झाली असती, कारण तो रकाना तिच्या कामाचा नव्हता. पण पूर्वेला संध्याकाळची कोर मात्र तिच्याकडून चुकून लिहिली गेली नसती.

खोट्या डायरीला शून्य द्यायचं हा सोपा भाग. अवघड भाग खऱ्या डायरीचा. खऱ्या डायरीत भोकं असतात: ढग होते, विसरलो, झोपलो. एखादी नोंद उघड चुकलेली असते, कारण माणसाला पश्चिम कुठे ते ठाऊक नव्हतं. रुब्रिकप्रमाणे किमान बारा नोंदी हव्यात. प्रामाणिक मुलाच्या आठ, बनवणाऱ्याच्या अठरा. बनवणारा थोडा हुशार असेल आणि त्याने फोनवरच्या ॲपमधून आकडे घेतले असतील तर त्याला पूर्ण मार्क आणि प्रामाणिकाला साठ टक्के. ही चूक मुलाची नाही, मोजपट्टीची आहे.

आता प्रश्न हा की लॅबमुळे मुलं मुळात काही शिकतात का. १९८७ साली हार्वर्डच्या पदवीदान समारंभात झगे घालून उभ्या असलेल्या नव्या पदवीधरांना, माजी विद्यार्थ्यांना आणि प्राध्यापकांना कॅमेऱ्यापुढे ऋतू का होतात आणि चंद्राच्या कला का दिसतात असं विचारण्यात आलं. मॅथ्यू श्नेप्स आणि फिलिप सॅडलर यांच्या ‘अ प्रायव्हेट युनिव्हर्स’ या माहितीपटाची सुरुवात याच दृश्याने होते. २३ पैकी २१ जणांना नीट सांगता आलं नाही. उन्हाळ्यात पृथ्वी सूर्याच्या जवळ असते, असं कितीतरी जणांनी छातीठोकपणे सांगितलं. वास्तविक ती सूर्याला सर्वांत जवळ असते जानेवारीच्या सुरुवातीला, बोस्टनमध्ये बर्फ साचलेलं असतं तेव्हा. या माहितीपटाने शिकवणाऱ्यांची झोप उडवली. ‘सांगितलं म्हणजे कळलं’ या समजुतीला त्याने लावलेला सुरुंग अजून वाजतो आहे.

पुढच्या वीस वर्षांत ॲरिझोना विद्यापीठातल्या एडवर्ड प्रेदर आणि सहकाऱ्यांनी व्याख्यानाच्या मधेच जोडीने सोडवायच्या छोट्या कागदी अभ्यासांचं पुस्तक केलं आणि ते देशभर गेलं. २००९ साली त्यांनी ३१ संस्थांमधल्या जवळपास ४००० विद्यार्थ्यांची पाहणी प्रसिद्ध केली. वर्ग लहान की मोठा यावरून शिकण्यात फारसा फरक पडत नव्हता. मुलांना विचार करून एकमेकांशी वाद घालायला किती वेळ मिळतो, यावरून पडत होता. अर्थात संवाद ठेवला की काम झालं असंही नाही. भरपूर संवादाच्या काही वर्गांतही फायदा जेमतेमच होता.

हे झालं व्याख्यानांचं. लॅबबद्दलचा मोठा धक्का भौतिकशास्त्राकडून आला. नताशा होम्स आणि नोबेल मिळवलेले कार्ल वीमन यांनी तीन संस्थांमधले नऊ अभ्यासक्रम आणि जवळपास ३००० विद्यार्थी तपासले. या अभ्यासक्रमांत लॅब ऐच्छिक होती, त्यामुळे लॅब घेतलेले आणि न घेतलेले विद्यार्थी एकाच परीक्षेला बसत. व्याख्यानातला मुद्दा पक्का करण्यासाठीच या लॅब रचल्या होत्या. त्या मुद्द्यांवरच्या प्रश्नांत लॅब घेतलेल्यांना वेगळा फायदा दिसला नाही. २०१८च्या जानेवारीत ‘फिजिक्स टुडे’त त्यांनी हे मांडलं. लॅबने व्याख्यानाची री ओढायची असेल तर ती बंद केली तरी काही बिघडत नाही, असाच त्याचा अर्थ निघतो.

पण त्याआधी, २०१५ मध्ये, होम्स, वीमन आणि डग बॉन यांनी दुसरी बाजूही दाखवली होती, आणि माझ्या लेखी ती जास्त महत्त्वाची आहे. ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातल्या पहिल्या वर्षाच्या लॅबमध्ये त्यांनी एकच सवय लावली: दोन मोजमापं घ्या, त्यांतला फरक त्यांच्या अनिश्चिततेशी ताडून बघा, आणि मग मोजमाप सुधारून पुन्हा घ्या. मार्कही त्यालाच. सत्राच्या अखेरीस सूचना आणि मार्क दोन्ही काढून घेतले तरी ही मुलं स्वतःहून प्रयोग सुधारण्याचं सुचवत किंवा करत होती, नेहमीच्या लॅबमधल्या मुलांच्या बारा पट प्रमाणात. पुढच्या वर्षीच्या वेगळ्या लॅबमध्येही ही सवय टिकून होती. आणि प्रयोग कुठला, तर आमचाच दोलक. पुस्तक सांगतं की झोका लहान असेल तर आवर्तकाल झोक्याच्या रुंदीवर अवलंबून नसतो. दहा आणि वीस अंशांच्या झोक्यांत फरक असतो अर्ध्या टक्क्याहून किंचित जास्त. ढोबळ मोजणीत तो बुडून जातो. पण मुलं मोजणी घासत गेली की फरक वर येतो आणि पुस्तकातलं वाक्य अपुरं ठरतं. मी बारावीत तोच दोलक हलवला आणि ९८० जुळवले.

अमेरिकन भौतिकशास्त्र शिक्षक संघटनेने २०१४ साली लॅबसाठी ज्या शिफारशी केल्या, त्यांचाही सूर हाच: ज्ञान स्वतः रचणं, प्रतिकृती मांडणं, प्रयोग आखणं, हात चालवणं, आकडे वाचणं, सांगता येणं. सहा कलमांत ‘मान्य किमतीच्या जवळ जाणं’ हे कुठेच नाही. खगोलशास्त्रात स्टेफनी स्लेटर, टिमोथी स्लेटर आणि डॅनियल लायन्स यांनी २०१०च्या सुमारास केलेल्या प्रयोगमालेत एक गमतीशीर क्रम आहे. प्रश्न, कृती, आकडे, निष्कर्ष यांपैकी सुरुवातीला सगळं आयतं द्यायचं. मग आधी निष्कर्ष मुलांवर सोपवायचा, नंतर कृती, आणि सर्वांत शेवटी प्रश्न. नेहमीच्या शहाणपणाच्या नेमकं उलटं, पण बरोबर. चांगला प्रश्न काढणं हे यातलं सर्वांत अवघड काम, ते पहिल्या आठवड्यात मागणं म्हणजे पोहता न येणाऱ्याला विहिरीत ढकलणं.

साधनं बदलली तशी फसवणुकीची जागाही बदलली. १९९०च्या दशकात गेटिसबर्ग कॉलेजमध्ये लॉरेन्स मार्शल यांच्या पुढाकाराने ‘क्ली’ नावाची संगणकीय प्रयोगांची मालिका तयार झाली. पडद्यावर दुर्बीण, पडद्यावरच घुमट. गुरूचे चंद्र रात्रीमागून रात्री बघा, आयओचा १.७७ दिवसांचा आणि कॅलिस्टोचा १६.६९ दिवसांचा फेरा काढा, केप्लरचा नियम तपासा. हबलवाल्या प्रयोगात दीर्घिकेचा वर्णपट हळूहळू पडद्यावर जमत जातो. आधी नुसती खरखर, मग हळूहळू कॅल्शियमच्या एच आणि के या दोन खोबणी दिसायला लागतात. किती वेळ थांबायचं हे मुलाने ठरवायचं. मला हा प्रयोग अजून आवडतो, पण एकाच कारणासाठी. घाईत थांबवलेला वर्णपट खरखरीत राहतो, त्यावर रेषेची जागा चुकते, चुकलेली जागा आलेखात रेघेपासून लांब पडलेला ठिपका होते. आपल्या उतावळेपणाची किंमत मुलाला डोळ्यांनी दिसते. रुब्रिकमध्ये यासाठी मात्र एकही मार्क नव्हता. उलट तो लांब पडलेला ठिपका काही जण शांतपणे खोडरबराने पुसायचे, म्हणजे चौकटीतला टक्का खाली यायचा.

नेब्रास्का विद्यापीठाचे ब्राउझरमधले प्रयोग आणि मोफत मिळणारं, आकाश दाखवणारं स्टेलेरियम हे सॉफ्टवेअर कोविडच्या वर्षी सगळ्यांच्या कामाला आले. उत्तर कॅरोलायना विद्यापीठाच्या ‘स्कायनेट’मुळे तर मुलं दिवसाउजेडी वर्गात बसून चिलीतल्या खऱ्या दुर्बिणीला काम सांगतात, सकाळी फोटो येऊन पडलेले असतात. ‘गॅलेक्सी झू’ने २००७ साली सुमारे नऊ लाख दीर्घिका लोकांपुढे वर्गवारीसाठी मांडल्या, त्याही लॅबमध्ये शिरल्या. तिथे तर मान्य उत्तरच नसतं. पुष्कळ लोकांनी एकाच दीर्घिकेबद्दल काय म्हटलं एवढंच हाती असतं. अशा कामाला ‘टक्क्यांतली चूक’ लावणार कशी? हल्ली अहवालातला मजकूर यंत्र लिहून देतं, तेव्हा ‘स्वतःच्या शब्दांत लिहा’ या जुन्या अटीचा दातच पडला आहे. वहीत खाडाखोडीसकट लिहिलेलं कच्चं टिपण आणि टेबलाशी उभं राहून विचारलेले दोन प्रश्न यांना पुन्हा भाव येणार असं दिसतं. आपला व्हायव्हा, थोडक्यात, फक्त एक्स्टर्नलच्या चहाबिस्किटांशिवाय.

आणि मार्कांचं काय? अक्षरी ग्रेड फार जुन्या नाहीत. माउंट होल्योक कॉलेजने १८९७ साली ए-बी-सीला टक्क्यांशी बांधलं, हे त्यातलं सुरुवातीचं उदाहरण. १९०८ साली मिझुरीच्या मॅक्स मेयर यांनी किती टक्के मुलांना कुठली ग्रेड मिळावी याचं प्रमाण सुचवलं. तीच पुढे कर्व्ह म्हणून बदनाम झालेली पद्धत. १९१२-१३ मध्ये विस्कॉन्सिनच्या डॅनियल स्टार्च आणि एडवर्ड इलियट यांनी एकेक उत्तरपत्रिका शंभरावर शिक्षकांना तपासायला पाठवली. भाषेच्या पेपरात माणसामाणसांत फरक पडेल असं सगळ्यांना वाटलंच होतं. पण भूमितीच्या एकाच पेपरला २८पासून नव्वदच्या वरपर्यंत मार्क आले. हा प्रयोग होऊन शंभर वर्षं उलटली तरी पाच टीए पाच खोल्यांत बसून लॅब तपासतात, आणि सत्राअखेर कुणाचा विभाग ‘कडक’ याची चर्चा मुलांच्या खोल्यांमध्ये चालते.

अलीकडचा उपाय म्हणजे मार्कांचे तुकडे पाडणंच थांबवायचं. बेंजामिन ब्लूम यांनी १९६८ साली मांडलेल्या कल्पनेत वेळ लवचीक आणि अपेक्षा पक्की: जमलं नाही तर पुन्हा करा. लिंडा निल्सन यांनी २०१५च्या पुस्तकात त्याला व्यवहारी रूप दिलं. कामाचे निकष आधी स्पष्ट लिहा, मग काम एक तर निकषाला उतरतं किंवा परत जातं. अमुक इतकी कामं उतरली की अमुक ग्रेड. लॅबला हे चांगलं लागू पडतं. ‘आलेखावर प्रत्येक ठिपक्याची अनिश्चितता दाखवली आहे, ठिपका वगळला असल्यास कारण दिलं आहे’ हा निकष हो किंवा नाही असा तपासता येतो. अडचण मनुष्यबळाची. परत पाठवलेली वही पुन्हा तपासायला तोच टीए लागतो, आणि त्याची स्वतःची पात्रता परीक्षा त्याच महिन्यात असते.

शिवाय अनिश्चितता लिहिली म्हणजे सगळं साधलं, असंही नाही. हबलने अधिक-उणे लिहिलंच होतं, आणि खरी किंमत त्याच्या पन्नास-साठच्या कुंपणाबाहेर कुठल्या कुठे होती. दोष आलेखात नव्हता, मोजपट्टीत होता. सेफाईड तारे दोन जातींचे असतात हे वॉल्टर बाडे यांनी १९५२ मध्ये दाखवलं आणि अंतरं एका फटक्यात दुप्पट झाली. हबलने ज्यांना दूरच्या दीर्घिकांमधले तेजस्वी तारे समजलं होतं, त्यांतले काही वायूचे चमकते ढग निघाले. सँडेज यांनी १९५८ साली तेही दुरुस्त केलं आणि किंमत ७५च्या आसपास आली. असा दोष कुठल्याही रुब्रिकला पकडता येणार नाही. पण ‘तुमची मोजपट्टी बरोबर आहे हे तुम्ही कशावरून म्हणता?’ हा एक प्रश्न कागदाच्या तळाशी छापता येईल. तेवढी जागा असते.

मार्कांविषयी सर्वांत टोकाची भूमिका घेतली ती एका खगोलशास्त्रज्ञ बाईनेच. नॅनटकेट बेटावर बँकेच्या छतावरून १ ऑक्टोबर १८४७च्या रात्री मारिया मिचेल यांना धूमकेतू दिसला. त्यासाठी डेन्मार्कच्या राजाने सुवर्णपदक दिलं. १८६५ मध्ये व्हॅसर हे मुलींचं कॉलेज उघडलं तेव्हा त्या तिथे प्राध्यापक झाल्या आणि वेधशाळेतच राहिल्या. बारा इंची दुर्बीण आणि विद्यार्थिनी यांच्यासह रात्री काढल्या, १८६९चं ग्रहण बघायला मुलींना आयोवात नेलं आणि १८७८चं बघायला डेन्व्हरला. आणि त्या कॉलेजला ना मार्क कळवत, ना गैरहजेरी. बुद्धीला एकक नाही, मग ती मोजायची कशाने, असं त्यांचं म्हणणं. एकक लिहिलं नाही तर मार्क कापणाऱ्या आजच्या लॅबला हे वाचायला द्यायला हवं. मात्र त्यांचे वर्ग लहान होते. चोवीस मुलांचे तीन विभाग आणि रविवार रात्रीची मुदत त्यांच्या वाट्याला आली नाही.

खगोलाच्या लॅबमध्ये मार्क कशाला द्यायचे, हा प्रश्न आता आपल्याकडेही दाराशी आला आहे. महाराष्ट्रात नव्या शैक्षणिक धोरणानुसार आखलेल्या पदवीत ओपन इलेक्टिव्ह आपल्या विद्याशाखेबाहेरचं घ्यावं लागतं. वाणिज्य शाखेच्या मुलाला खगोलशास्त्र घेता येण्याची वाट त्यातून मोकळी झाली. पुण्यात आयुका ही खगोलशास्त्राची संस्था आहे, जुन्नरजवळ गिरवलीला तिची दोन मीटरची दुर्बीण आहे, खोडदच्या परिसरात जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या तीस तबकड्या आहेत. साधनांचं रडगाणं गाण्यात अर्थ नाही. मुठीला आणि चंद्राला तर काहीच पडत नाही. कोर्स आखला की त्याचं जर्नल छापलं जाईल, जर्नलमध्ये तळाशी चौकट येईल, आणि चौकट आली की मुलं तिच्यात काय भरायचं ते सिनियरला विचारतील. चार महिने पावसाचे, म्हणजे ढगाळ रात्रीचा नियम तर आपल्यालाच जास्त लागेल.

माझ्या शेवटच्या सत्रात नर्सिंगचं शिकणाऱ्या एका मुलीने हबलच्या कागदावर तळाच्या चौकटीत एकही आकडा भरला नव्हता. तिच्या रेघेचा चढ ८८ होता. आलेखात एक ठिपका रेघेपासून बराच लांब होता. त्याच्याभोवती तिने गोल केला होता आणि बाजूला लिहिलं होतं की हा वर्णपट मी लवकर थांबवला, बस पकडायची होती. ‘मान्य किंमत’ या घरात पेन्सिलीने बारीक अक्षरांत प्रश्न होता: पुस्तकात दोन दिल्या आहेत, यातली कुठली घेऊ?

चौकटीला चार मार्क होते. रुब्रिकप्रमाणे चारही जात होते. मी एक कापला आणि तीन दिले. मुख्य टीएने आकडा बघितला, रुब्रिक बघितलं आणि वही माझ्याकडे परत सरकवली. मी ती त्याच्याकडे परत सरकवली.